आडवं झाल्यावर वाढणारी डोकेदुखी : बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी आलेल्या आकडीचं प्रकरण

या प्रकरणातली रुग्ण ही कुणी एक व्यक्ती नाही. मराठवाड्यातल्या रुग्णालयांत अशा ज्या बाळंतिणी येतात, त्यांच्या कहाण्यांत जे पुन्हा पुन्हा दिसतं ते जोडून ती उभी केली आहे. आजार मात्र जसा वागतो तसाच मांडला आहे.

वय २४, पहिलंच बाळंतपण, त्यामुळे रिवाजाप्रमाणे माहेरी. गरोदरपणात रक्तदाब कधी वाढला नव्हता, साखर नव्हती. हिमोग्लोबिन तेवढं ९ च्या आसपास रेंगाळत राहिलं. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्या अर्ध्याच घेतल्या गेल्या. मे महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी कमरेत भूल देऊन सिझेरियन झालं. मुलगी, वजन पावणेतीन किलो, जन्मताच रडली.

तिसऱ्या दिवशी डोकं दुखू लागलं. उठून बसलं की मानेपासून कपाळापर्यंत ठणका, आडवं झालं की पाच-दहा मिनिटांत आराम. कमरेतल्या भुलेनंतर असं काहींना होतं. मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला सुईने पडलेल्या छिद्रातून आतलं पाणी झिरपतं, आतला दाब उतरतो आणि उभं राहिलं की डोकं दुखतं. भूलतज्ज्ञांनी ते ओळखलं. पडून राहा, पाणी भरपूर प्या, चहा-कॉफी घ्या, वेदनाशामक गोळ्या घ्या, असा सल्ला दिला. दोन दिवसांत दुखणं बरंच उतरलं आणि सहाव्या दिवशी घरी सोडलं. इथपर्यंतच्या निदानात खोट काढण्यासारखं काही नाही.

घरी बाळंतिणीची खोली तयार होती. खिडकीला गोधडी, खाटेखाली शेगडी, डोक्याला कानांवरून घट्ट फडकं. बाहेर पारा ४२ च्या वर. आजीचा शब्द घरात शेवटचा, आणि आजीच्या मते टाके ओले असताना पाणी जास्त दिलं की टाके पिकतात, पोट सुटतं. म्हणून दिवसभरात उकळलेलं पाणी भांडंभर, तेही घोटाघोटाने. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी यांत मात्र काही कमी नव्हतं. सातव्या दिवशी आशाताई येऊन गेल्या. काट्यावर बाळाचं वजन केलं, थर्मामीटर लावला, नाळ पाहिली, दूध कसं ओढते ते विचारलं. आईला ताप आहे का, अंगावरून जास्त जातंय का, हेही विचारलं. डोकं दुखतं का, हे विचारलं नाही आणि त्या दिवशी ते दुखतही नव्हतं.

नवव्या दिवशी ते पुन्हा दुखायला लागलं.

सगळं प्रकरण या नवव्या दिवसावर येऊन थांबतं. घरातल्यांच्या लेखी हे जुनंच दुखणं परतलं होतं. सिझेरियनच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलं, त्याचंच हे. मुलगी म्हणत होती, "आई, डोकं लई दुखायलंय, झोपलं की जास्तच." या वाक्याचा उत्तरार्ध कुणाच्या कानावर नीट पडला नाही. पहिल्या डोकेदुखीत आडवं झालं की बरं वाटायचं. आता आडवं झालं की वाढत होतं, पहाटे सगळ्यात जास्त, खोकलं की फुटल्यासारखं, आणि पहाटेच दोनदा उलटी. दुखण्याची दिशाच उलटी झाली होती. आधी कवटीतला दाब उतरला होता, आता तो चढत होता. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन आणि वेदनाशामक दिलं. आजी म्हणाल्या, वारं लागलं, आणि फडकं आणखी घट्ट झालं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मोरीकडे जाताना तिचा उजवा पाय ओढला जात होता. अशक्तपणा असेल, असं वाटलं. अकराव्या दिवशी सकाळी बाळाला पाजत असताना उजवा पाय थडथडू लागला, मग हात, मग सगळं अंग. डोळे पांढरे, तोंडाला फेस, दातखीळ. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली, शेजारची बाई म्हणाली बाहेरचं दिसतंय, अंगारा लावा. तिच्या भावाने तोवर १०८ ला फोन लावला होता. तासाभरात ती उपजिल्हा रुग्णालयात होती, अर्धवट शुद्धीवर.

बाळंतिणीला आकडी आली की डॉक्टरच्या मनात पहिला शब्द येतो तो एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाचं टोक. बाळंतपणानंतर तो बहुधा पहिल्या ४८ तासांत येतो, पण सहा आठवड्यांपर्यंतही येऊ शकतो. त्यामुळे तिथल्या डॉक्टरांनी एक्लॅम्पसियाच्या आकडीवरचं औषध, मॅग्नेशियम सल्फेट, सुरू केलं. ते बरोबरच होतं, असं माझं मत आहे. बाळंतिणीची आकडी एक्लॅम्पसियाची नाही असं सिद्ध होईपर्यंत ती त्याचीच समजावी. मात्र नोंदवहीत इतरही काही होतं. रक्तदाब १३४/८४. लघवीत प्रथिनं नाहीत. आकडी एका पायापासून सुरू झालेली. आकडीच्या आदल्या दिवसापासून पाय ओढणारा. आकडीच्या दोन दिवस आधीपासून डोकेदुखी आणि उलट्या. एवढं सगळं एक्लॅम्पसियात बसत नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी हे कागदावर लिहून तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. त्या चिठ्ठीत "पाय आधी गेला, आकडी नंतर आली" असं स्पष्ट लिहिलं होतं. एवढ्या एका ओळीने पुढचे दोन-तीन तास वाचले.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, वरच्या कडेला, मधल्या रेषेजवळ सूज आणि त्या सुजेत रक्ताचे ठिपके दिसले. पायाची हालचाल चालवणारा मेंदूचा भाग नेमका तिथेच असतो. कवटीखाली मध्यभागी पुढून मागे जाणारी जी मोठी रक्तवाहिनी असते ती नेहमीपेक्षा पांढरी आणि ठसठशीत दिसत होती. ही धमनी नव्हे. मेंदूतून वापरलेलं रक्त परत नेणारी ती मुख्य शिरा आहे. एमआरआयमध्ये शिरांची चित्रं काढल्यावर ती शिरा जवळपास पूर्ण लांबीत आणि तिला जोडलेली उजवी फांदी दिसतच नव्हती. आत रक्त गोठलं होतं. निदान झालं ते मेंदूच्या शिरांत गुठळी होऊन आलेल्या पक्षाघाताचं. इथे एक सांगायला हवं. साधा सीटी स्कॅन या आजारात पुष्कळदा नॉर्मल येतो. तिचा आला नाही, हे तिचं नशीब. "स्कॅन साफ आहे, घरी न्या" असं ऐकून परत गेलेल्या बाळंतिणी काही दिवसांनी बेशुद्ध होऊन परत येतात. संशय असेल तर शिरांची वेगळी तपासणी, एमआरआयने किंवा शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटीने, करावीच लागते.

बाळंतपणात रक्त का गोठतं? बाळ जन्मताना होणारा रक्तस्राव आईचा जीव घेऊ नये म्हणून शरीर महिनोन् महिने आधी तयारी करतं. फायब्रिनोजेन वाढतं, रक्त गोठवणारे इतर काही घटक वाढतात, आणि गोठण्याला आवर घालणारं प्रोटीन एस कमी होतं. बाळ झालं की ही तयारी लगेच उतरत नाही. कॅलिफोर्नियातल्या सुमारे १७ लाख बाळंतिणींच्या नोंदी तपासून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि शिरांतल्या गुठळ्या हे सगळं एकत्र धरलं, तर बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत धोका त्याच बायकांच्या वर्षभरानंतरच्या काळापेक्षा १०.८ पट होता, आणि सातव्या ते बाराव्या आठवड्यात २.२ पट. आपल्याकडचा सव्वा महिना या सहा आठवड्यांच्या जवळपास जातो. बाईला या दिवसांत जपायचं असतं हे जुन्या बायकांना अनुभवाने कळलेलं होतं. कशापासून जपायचं, तिथे गल्लत झाली. वाऱ्यापासून जपलं आणि तहान तशीच राहिली.

पाणी कमी दिलं म्हणून गुठळी झाली असं मात्र मी म्हणणार नाही. पाणी तोडलेल्या हजारो बाळंतिणींना काही होत नाही. इथे बाळंतपण, शस्त्रक्रिया, पंडुरोग, मे महिन्याची झळ, पडून राहणं आणि कदाचित कमरेतल्या भुलेनंतरचा उतरलेला दाब, अशी बरीच कारणं एकाच आठवड्यात एकत्र आली. कमरेतल्या भुलेनंतरची डोकेदुखी हीसुद्धा काही वेळा या गुठळीच्या आधीची पायरी ठरते. त्यातलं पाणी हे एकच कारण फुकटात टाळता येण्यासारखं होतं.

आता नातेवाइकांचा प्रसंग. सीटीचा कागद हातात आल्यावर तिच्या सासऱ्यांनी "रक्तस्राव" हा शब्द वाचला होता. डॉक्टर रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन सुरू करायचं म्हणतात हे कळल्यावर ते उभेच राहिले. "डॉक्टरसाहेब, मेंदूत रक्त सांडलंय म्हणता आणि वरून रक्त पातळ करता? सही कशावर करू मी?" प्रश्न अगदी रास्त होता. नवशिके डॉक्टरही इथे अडखळतात.

डॉक्टरांनी त्यांना खाली बसवलं. "काका, मोरीचं तोंड तुंबलं की पाणी मागे येऊन घरात पसरतं. फरशी कितीही पुसा, तोंड मोकळं केल्याशिवाय थांबत नाही. पोरीच्या डोक्यात रक्त बाहेर नेणारी शीर तुंबलीय. मागे दाब चढला, बारीक शिरा फुटल्या. सांडलेलं रक्त हे तुंबल्याचं फळ आहे. तुंबणं वाढू दिलं तर आणखी सांडेल."

या बोलण्यामागे पुरावा आहे. म्युनिकमधल्या डॉक्टरांनी १९९१ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात २० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. दहा जणांना हेपारिन, म्हणजे हेच रक्त पातळ करणारं औषध, दहा जणांना नुसतं सलाईन. हेपारिनच्या गटात आठ पूर्ण बरे झाले, दोघांत किंचित दोष राहिला, मृत्यू एकही नाही. दुसऱ्या गटात तिघे दगावले आणि पूर्ण बरा झाला तो एकच. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवली. त्याच डॉक्टरांनी जुन्या नोंदी चाळल्या. आधीच मेंदूत रक्तस्राव झालेल्या ज्या २७ जणांना हेपारिन मिळालं होतं त्यांत ४ मृत्यू होते. ज्या १३ जणांना मिळालं नव्हतं त्यांत ९. जुन्या नोंदींच्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नये हे खरं. पण आज जगभरातली मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात की गुठळीमुळे झालेला रक्तस्राव हे हेपारिन न देण्याचं कारण नव्हे. सासऱ्यांनी सही केली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी टाके पाहिले, अंगावरून जाणं बेताचंच आहे याची खात्री केली, आणि कमी रेणुभाराचं हेपारिन वजनाच्या हिशेबाने दिवसातून दोनदा पोटाच्या त्वचेखाली सुरू झालं. सोबत आकडीसाठी लेव्हेटिरासिटाम. पुढे पुन्हा मूल होऊ शकणाऱ्या बाईला व्हॅलप्रोएट हे आकडीचं दुसरं औषध टाळलेलं बरं, कारण गर्भाला त्याचा धोका मोठा असतो.

दुसऱ्या रात्री ती गुंगीत गेली. पुन्हा सीटी केला. सूज वाढली होती, रक्त मात्र वाढलं नव्हतं. सूज उतरवणारं औषध दिलं, मेंदूच्या शस्त्रक्रियेची टीम सज्ज ठेवली. कवटीचा तुकडा काही काळ काढून मेंदूला जागा करून देणारी शस्त्रक्रिया या आजारात खरोखर जीव वाचवते, आणि तरुण रुग्ण त्यानंतरही चांगले सावरतात. तिला तिची गरज पडली नाही. चौथ्या दिवशी तिने पहिल्यांदा बाळ कुठाय म्हणून विचारलं.

बाळ बाहेर वऱ्हांड्यात आजीच्या मांडीवर होतं आणि त्याला डब्याचं दूध चालू झालं होतं. कारण कुणीतरी सांगितलं होतं, एवढी इंजेक्शनं घेतलेल्या आईचं दूध विषारी असतं. नातेवाइकांच्या एवढ्या मोठ्या भीतीला वॉर्डात कुणी वेळ देत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. हेपारिन दुधात उतरत नाही. नंतर सुरू होणारी रक्त पातळ करणारी गोळी, वॉर्फरिन, दुधात नगण्य येते. लेव्हेटिरासिटाम थोडं उतरतं, पण बाळ सुस्त होत नाही ना, वजन वाढतंय ना एवढं पाहत पाजायला हरकत नसते. नव्या पिढीच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ज्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही, त्या मात्र अंगावर पाजणाऱ्या आईला देत नाहीत. ती गुंगीत होती तेवढे दिवस परिचारिकांनी दूध काढून ठेवलं असतं तर डबा लागला नसता. पाचव्या दिवशी एका परिचारिकेने आईच्या कुशीला उशी लावून बाळ जवळ दिलं, आणि दूध हळूहळू परत आलं.

तपासण्यांबद्दल एक कुरकुर. या वयात गुठळी झाली की गोठण्याच्या सगळ्या जन्मजात दोषांचं "पॅकेज" एकाच दिवशी पाठवण्याची पद्धत पडली आहे. बाळंतपणात प्रोटीन एस मुळातच कमी असतं, ताज्या गुठळीत आणि औषधांनीही आकडे फिरतात. अशा वेळी केलेल्या तपासणीतून बाईच्या कपाळी आयुष्यभराचा एक खोटा आजार लागतो आणि घरच्यांचे काही हजार जातात. तिच्या बाबतीत हिमोग्लोबिन (७.९), प्लेटलेट, होमोसिस्टीन आणि फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडं (ही दोन्ही वाढली की गुठळीचा धोका वाढतो) एवढंच पाहिलं. बाकीचं, लागलंच तर, औषधं संपल्यावर.

भारतातल्या डॉक्टरांना हा आजार जुना परिचयाचा आहे. दक्षिणेतून के. श्रीनिवासन यांनी १९८३ मध्ये गरोदर आणि बाळंतिणींतल्या १३५ पक्षाघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा शिरांतली गुठळी म्हणजे बाळंतिणीचा आजार असंच समीकरण होतं. हैदराबादच्या निम्स संस्थेने २०१२ मध्ये ४२८ रुग्णांची नोंद मांडली, तेव्हा चित्र पालटलं होतं. निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण पुरुष होते आणि बाळंतिणी फक्त ९.८ टक्के, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या ११.४ टक्के. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, जंतुसंसर्ग घटला, हे त्यामागे असावं असं मला वाटतं. दुसरीकडे, पूर्वी एमआरआयअभावी न ओळखलेले पुरुष रुग्णही आता सापडू लागले. टक्केवारी घटली म्हणून तालुक्यातल्या डॉक्टरने हा आजार विसरावा, असा त्याचा अर्थ नाही.

बाळंतपणातला प्रत्येक पक्षाघात या जातीचा नसतो. वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूत होणारा रक्तस्राव हा याहून अधिक प्राणघातक. तिथे १६०/११० हा आकडा दिसला की तासाभराच्या आत औषधाने दाब उतरवायला हवा. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या हृदयाच्या झडपा अजून दिसतात. त्यातून उडालेली गुठळी मेंदूच्या धमनीत अडकते, आणि तो झटका क्षणात येतो. तिचं दुखणं दिवसांगणिक चढत गेलं होतं, म्हणूनच त्याला ओळखायला वेळ होता.

दोन आठवड्यांनी तिला घरी सोडलं तेव्हा ती आधाराने उभी राहत होती. वॉर्फरिन सहा महिने. बाळंतपणासारखं तात्पुरतं कारण असेल तर तीन ते सहा महिने पुरतात. रक्त किती पातळ झालं ते सांगणारी आयएनआर नावाची तपासणी २ ते ३ च्या मध्ये राहायला हवी, आणि ती गावात होत नाही. दर खेपेला तालुक्याला जाणं, म्हणजे कुणाची तरी मजुरी बुडणं. कुणीतरी हिरव्या भाज्या पूर्ण बंद करायला सांगितल्या होत्या. बंद करायच्या नाहीत. मेथी, शेपू, पालक एक आठवडा रोज आणि पुढचे दोन आठवडे अजिबात नाही, अशाने आयएनआर डोलतो. नेमाने थोडी खावी. दुखण्यावर परस्पर घेतलेली वेदनाशामक गोळी आणि अनोळखी काढा मात्र बंद.

घरी सोडताना तिच्या जावेने एक प्रश्न विचारला, आणि तो विचारला नसता तर कागदावर आला नसता. "पाळणा लांबवायला माला-एन चालेल ना?" चालणार नाही. माला-एन, माला-डी आणि तसल्या सगळ्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, आणि एकदा गुठळी झालेल्या बाईने ते पुन्हा घ्यायचं नाही. गौरी-गणपतीत किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही नाहीत. औषधाच्या दुकानात त्या चिठ्ठीशिवाय मिळतात म्हणून त्या निरुपद्रवी ठरत नाहीत. वॉर्फरिन चालू असताना दिवस गेले तर गर्भात व्यंग येऊ शकतं, त्यामुळे गर्भनिरोधन टाळूनही चालणार नव्हतं. तांबी बसवायचं ठरलं.

सहा महिन्यांनी ती स्वतःच्या पायांनी चालत आली. एमआरआयमध्ये मोठी शिरा बरीचशी मोकळी झाली होती, उजवी फांदी अजून बंद होती. ती तशीच राहिली तरी मेंदू दुसऱ्या वाटांनी रक्त नेतो. वॉर्फरिन थांबवलं. आकडीचं औषध हळूहळू कमी करायचं ठरलं; तोवर विहिरीवर एकटीने जायचं नाही. उजवं पाऊल दमल्यावर किंचित घासतं. या आजाराच्या ६२४ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, जी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, साधारण ७९ टक्के रुग्ण पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले आणि ८.३ टक्के दगावले. ती पहिल्या गटातली.

सासूबाईंना एकच विचारायचं होतं, पुढचं मूल होऊ द्यायचं की नाही. होऊ द्यायला हरकत नाही. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना दाखवायचं, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे हेपारिनचं कमी मात्रेचं इंजेक्शन रोज घ्यायचं. ते घरीच, पोटावर, स्वतःला टोचता येतं. कागदावर हे लिहून दिलं. त्याखाली तिच्या आईने सांगून आणखी एक ओळ लिहून घेतली, आजीला वाचून दाखवायला : बाळंतिणीला मागेल तेवढं पाणी द्यावं.